यादीबाहेरचे पाय

ऋतुजा आवटी यांचे पाय एकतीस मार्चला संध्याकाळी सहा वाजता बंद होणार होते. तसं पत्र आलं होतं.

पत्र अतिशय सभ्य होतं. ‘गेली अकरा वर्षं आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत,’ अशी सुरुवात आणि ‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा,’ असा शेवट. मधल्या परिच्छेदात कळवलं होतं, की आपल्या पाठीतला कणासेतू पहिल्या पिढीतला असल्याने नवी प्रणाली त्या जुन्या हार्डवेअरवर चालू शकत नाही. सबब त्याचा साहाय्यकाल संपत असून ठरलेल्या वेळी तो ‘सुरक्षित स्थितीत’ जाईल.

कणासेतू म्हणजे काडेपेटीएवढा एक संगणक. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटला, की मेंदूने सोडलेला ‘पाय उचल’ हा निरोप तुटल्या जागी अडकतो. सेतू तो निरोप वरच्या बाजूला वाचतो आणि खालच्या बाजूला पोचवतो. तळपायाने ‘जमीन लागली’ असं कळवलं, की ते उलट दिशेने वर नेतो. २०६१ साली महाराष्ट्रात तीस हजारांवर माणसं अशी चालत होती आणि त्यांच्याकडे वळून बघण्याचे दिवस केव्हाच संपले होते.

ऋतुजाताई मिरजेत वीज खात्यात वायरमन होत्या. त्रेचाळिसाव्या वर्षी त्या खांबावर असताना, बंद केलेल्या लाइनमध्ये कुणाच्या तरी घरच्या उलट्या जोडलेल्या जनरेटरची वीज आली. त्या खाली पडल्या. दीड वर्ष अंथरुणात गेलं, मग सेतू बसला. आता छपन्नाव्या वर्षी त्या मालगाव रस्त्यावरच्या उपकेंद्रात ऑपरेटर होत्या आणि प्रत्येक पाळीत यार्डाच्या दोन फेऱ्या पायी मारत होत्या.

पत्र घेऊन त्या सांगलीच्या सेवा केंद्रात गेल्या. समोरचा तरुण पत्राइतकाच सभ्य होता.

“मॅडम, तुमचं यंत्र जुनं झालंय.”

“चालतंय की. आत्ता दोन जिने चढून आले तुमच्याकडं.”

“चालतंय, पण सपोर्टेड नाहीये. सुरक्षित स्थितीत गेलं की चुकीचा संदेश जाऊ नये म्हणून कुठलाच संदेश जाणार नाही.”

“म्हणजे मी खाली बसणार.”

“आमची व्हीलचेअरची योजना आहे. किंवा नवा सेतू बसवून घ्या.”

“सर्जनकडे जाऊन आले. हाड आणि सेतू एकजीव झालेत म्हणतात. काढायला गेलो तर उरलंय तेही जाईल.” त्यांनी आवाज जरा खाली आणला. “आणि बाथरूमचं काय?”

लघवीवरचा ताबाही त्याच सेतूतून येत होता. तरुणाने पडद्याकडे बघितलं. तिथलं व्हीलचेअरच्या योजनेचं पान त्याने पुन्हा त्यांच्याकडे वळवलं.

“ऐका,” ऋतुजाताई म्हणाल्या, “आम्ही पन्नास वर्षांचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा बदली आल्याशिवाय उतरवत नाही. खालच्या वस्तीला अंधारात ठेवून शुभेच्छा देऊन निघून येत नाही.”

तरुणाने त्यांची तक्रार नोंदवून घेतली आणि तक्रार नोंदवल्याबद्दल आभार मानले.

उपकेंद्रातल्या ज्युनिअर इंजिनिअरने त्यांना अल्फिया शिकलगारचं नाव सांगितलं. ती त्याला कॉलेजात शिकवायला होती. अभियांत्रिकी महाविद्यालयातली तिची प्रयोगशाळा म्हणजे टाकून दिलेल्या संगणकांचं अनाथालय होतं. बनवणाऱ्यांनी ज्यांना कधीच मोडीत काढलं होतं, असे वीस-तीस संगणक तिथे भिंतीलगत अगदी ताजी प्रणाली चालवत बसलेले होते.

“हे कसं काय जमतं?” ऋतुजाताईंनी विचारलं.

“प्रत्येक प्रणालीला एक गाभा असतो,” अल्फिया म्हणाली. “इंग्रजीत कर्नल म्हणतात तो. बाकीची प्रणाली माणसाशी बोलते, गाभा यंत्राशी बोलतो. जागा झाला, की तो आधी आजूबाजूला बघतो. मी कुठल्या यंत्रात आहे? प्रोसेसर कोणता? उत्तर मिळालं की ते स्वतःजवळच्या यादीत शोधतो. सापडलं तर पुढे जातो, नाही तर तिथेच थांबतो.”

“म्हणजे चालता येत नाही म्हणून थांबत नाही. यादीत नाव नाही म्हणून थांबतो.”

“बहुतेक वेळा तेच. कधीकधी खरंच अडचण असते. नव्या गाभ्याला एखादी आज्ञा वापरायची असते आणि जुन्या प्रोसेसरला ती माहीत नसते. मग तेच काम मी त्याला माहीत असलेल्या चार आज्ञांमधून करून घेते. आंब्याच्या जुन्या खोडावर नवी फांदी बांधतात ना, तसं. मी त्याला कलमी गाभा म्हणते.”

“मग माझा आहे तो जुनाच गाभा चालू ठेवा की. नवा कशाला?”

“जुना कुलूपबंद आहे. त्याला दर महिन्याला कंपनीचा शिक्का लागतो, आणि शिक्का एकतीस मार्चनंतर येणार नाही. नव्याचं तसं नाही. आता कायद्यानेच वैद्यकीय यंत्राच्या गाभ्याची संहिता, म्हणजे त्याचा कोड, खुली ठेवावी लागते. आपल्याला वाचता येते, बदलता येते.” तिने भिंतीलगतच्या संगणकांकडे हात केला. “मात्र मी आजवर हे टेबलावरच्या यंत्रांना केलंय, ताई. ती पडत नाहीत.”

“मी पडून बघितलंय,” ऋतुजाताई म्हणाल्या. “तुम्ही सुरू करा.”

कुपवाडच्या एका बाईंनी वडिलांना अग्नी देण्याआधी त्यांचा सेतू काढून घेऊन अल्फियाकडे दिलेला होता. त्याच्यावर काम सुरू झालं. न कळणारी आज्ञा तिने जुन्या आज्ञांमध्ये उतरवली, यादीत या प्रोसेसरचं नाव लिहिलं, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नवा गाभा जुन्या सेतूवर कुरकुर न करता चालू लागला. कंपनीच्या पत्रातले ‘चालू शकत नाही’ हे तीन शब्द खोटे ठरले.

मग तिने त्याला ऋतुजाताईंच्या नसांचं मोजमाप दिलं. चौथ्या सेकंदाला तो थांबला. पडद्यावर अक्षरं आली: ‘असमर्थित हार्डवेअर’.

अल्फियाला हे कोडं सुटायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तिने ऋतुजाताईंना बोलावून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

“दुसरी यादी आहे,” ती म्हणाली. “पण तिच्यात यंत्रांची नावं नाहीत.”

“मग कुणाची?”

“नसेतून निरोप किती वेगाने जातो, ते मोजता येतं. धडधाकट तरुण माणसाच्या पायात सेकंदाला पन्नास मीटर. वय, जुनी जखम, साखरेचा आजार, यांनी तो कमी होतो. तुमचा एकतीस आहे. या यादीप्रमाणे चाळीसच्या खालचं शरीर चालत नाही.”

ऋतुजाताईंनी पडद्यावरच्या ओळीकडे बघितलं. त्यांना त्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं.

“वाचून दाखवा.”

“‘शरीर तपासा. समर्थित नसल्यास थांबा.’”

“आणि हे हार्डवेअर म्हणतात ते...”

“तुम्ही.”



“म्हणजे जुनं यंत्र मी,” ऋतुजाताई म्हणाल्या. “सेतूला काही झालेलं नाही. अकरा वर्षं हेच पाय घेऊन मी त्यांच्या जाहिरातीत चालले. मिरजेच्या चौकात माझा फोटो होता, पदर खोचून खांबाशेजारी उभी! तेव्हा हे शरीर चाललं. आणि आता मला सांगायचंही धाडस नाही, की बाई, आम्हाला तू नको आहेस. यंत्राच्या नावावर खपवायचं!”

“चाळीस का, तेही सापडलं,” अल्फिया म्हणाली. “निरोप खाली जाऊन उत्तर वर यायला दोन मीटरचा प्रवास. चाळीसच्या वेगाने पन्नास मिलिसेकंद. गाभा तेवढीच वाट बघतो. उत्तर आलं नाही, तर पाय नाहीच असं धरून थांबतो. तुमचं उत्तर पासष्टला येतं. जुना गाभा शंभरपर्यंत थांबायचा. नवा त्यांनी धावण्यासाठी बनवलाय.”

“पंधरा मिलिसेकंद म्हणजे किती?”

“पापणी मिटायला याच्या सहापट वेळ लागतो.”

दोघींनी कंपनीला विचारलं. उत्तर तत्परतेने आलं. ‘चालण्याचा अनुभव यंत्र व वापरकर्ता यांच्या जोडीवर अवलंबून असल्याने आम्ही या जोडीस एकत्रितपणे हार्डवेअर मानतो. आपली सुरक्षितता हेच आमचं प्राधान्य.’

आता नुसतं यादीत नाव लिहून भागणार नव्हतं. वाट बघण्याची मुदत वाढवली, तर तोल सावरायला उशीर होणार आणि माणूस पडणार. अल्फियाने वेगळा मार्ग काढला. गाभ्याने उत्तराची वाट बघायचीच नाही. मागच्या शंभर पावलांवरून पुढच्या पावलाचा अंदाज करायचा, पाय टाकायचा, आणि उत्तर आलं की चूक सुधारायची. आपण अंधारात ओळखीचा जिना उतरतो, तसंच. हा अंदाज शिकवायला ऋतुजाताईंची पावलं लागली. रोज पाळी संपवून त्या सांगलीला येत, आधाराच्या दोन दांड्यांच्या मध्ये चालत, आणि अल्फिया मोजत राही.

सत्तावीस मार्चला दुपारी, पाठीवर बिनतारी संदेश पोचवणारं तारेचं एक वेटोळं चिकटवून, नवा गाभा आत सोडला गेला. जुना बंद पडून नवा जागा व्हायला अकरा सेकंद लागले. त्या अकरा सेकंदांत ऋतुजाताईंना कमरेखाली काहीही नव्हतं. त्यांनी दांडीवरचे हात घट्ट केले होते. मग तळव्यांना फरशी लागली.

त्या चालल्या. भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या. एकदा डावा पाय जरा लवकर पडला, पुढच्या पावलाला सुधारला.

“आकडे बरे आहेत,” अल्फिया म्हणाली आणि मग डोळे पुसत खिडकीकडे गेली.

बातमी लपली नाही. दोन दिवसांत नऊजण आले. सातजणांचं जमलं. आठव्याने स्वतःच नको म्हटलं. नववे जतचे धनाजी ऐवळे होते. अडुसष्ट वर्षांचे, आयुष्यभर बोअरच्या गाडीवर काम केलेले. त्यांनी एका दमात जिना चढला होता. त्यांचा आकडा सव्वीस आला आणि गाभा थांबला.

“हे काय?” ऋतुजाताईंनी विचारलं. “तुम्ही ती यादी काढून टाकलीय ना?”

“काढलीय. पण तीसची मर्यादा ठेवावी लागली. मी फक्त तुमच्या पावलांवर शिकवलंय, ताई. सव्वीसला उत्तर सत्त्याहत्तर मिलिसेकंदांनी येतं. तेवढ्या वेळाचा अंदाज चुकेल. हे पडतील, डोकं फुटेल.”

“म्हणजे तुमचीही यादी.”

“ही यादी नाही. ही सुरक्षितता आहे.”

बोलून गेल्यावर अल्फियाला कळलं, की हे वाक्य तिने कुठे वाचलं होतं.

“मॅडम,” धनाजी ऐवळे म्हणाले, “पडायचं मला भ्या न्हाई. ईस फुटांवरनं पडलोय म्हणून तर हितं आलोय. मला एकदा इचारा तरी.”

“तुम्ही हो म्हणाल, ते मला माहीत आहे. पण तुम्ही पडलात, तर मी ते लिहिलेलं असेल.” तिने त्यांचा आकडा वहीत लिहून घेतला. “दोन महिने द्या मला.”

“दोन दिवस हाईत,” ते म्हणाले आणि उठून गेले.

एकतीस मार्चला धनाजी ऐवळे साडेपाच वाजताच अंगणातल्या खाटेवर जाऊन बसले. उभं असताना पाय जाऊ नयेत, एवढंच त्यांच्या हातात होतं. सहा वाजता पाय गेले. सहा वाजून पाच मिनिटांनी सुनेला बादली आणि फडकं घेऊन यावं लागलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

एप्रिलमध्ये ऋतुजाताई त्यांना भेटायला जतला गेल्या. धनाजींनी चहा पाजला, बोअरच्या गोष्टी सांगितल्या आणि त्या निघताना विचारलं, “तुमचा आकडा किती म्हनला?”

“एकतीस.”

“मंग तुमी आत,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. ते ऋतुजाताईंना जास्त लागलं. फाटकापर्यंतची वीस पावलं धनाजींच्या नजरेसमोर चालणं त्यांना नकोसं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या तडक प्रयोगशाळेत आल्या.

“फेब्रुवारीअखेर सकाळी माझा आकडा एकोणतीस यायचा आणि दुपारी एकतीस. का?”

“थंडीने नस मंद होते. पायाचं तापमान एका अंशाने उतरलं, की वेग दीड-दोन मीटरने कमी होतो.”

“मग माझे पाय गार करा.”

अल्फियाला समजायला एक क्षण लागला. “नाही,” ती म्हणाली.

“तीन अंश उतरवले, की मी धनाजी ऐवळे झाले. माझ्यावर शिकवा.”

“हा माणसावरचा प्रयोग आहे. सेतू दाब वर पोचवतो, थंडी पोचवत नाही. तुम्हाला बर्फ लागणारच नाही. कातडी मरेल आणि तुम्हाला कळणार नाही.”

“तुम्ही थर्मामीटर घेऊन बसा. मला कळायची गरज नाही.” त्या खुर्चीवर बसल्या. “मॅडम, माझ्यावर प्रयोग अकरा वर्षं चाललाय. फरक एवढाच, की आज पहिल्यांदा मी स्वतः सांगतेय.”

मिरजेच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या येऊ लागल्या. प्लास्टिकच्या मोठ्या टबात पाय घालून ऋतुजाताई बसत, पाय पुरेसे गार झाले की दांड्यांमध्ये उभ्या राहत. मंद झालेल्या नसांवर नवा अंदाज चुके आणि त्या पडत. अल्फियाने गाद्या अंथरल्या होत्या, छताला पट्टे बांधले होते, तरी त्या पडत. पडल्या, की ती चूक गाभ्यात जाई. सव्वीसचं चालणं जमेपर्यंत त्या एकेचाळीस वेळा पडल्या. मग ऋतुजाताई म्हणाल्या, की इथेच का थांबायचं? आणखी बर्फ आला. पंचवीस. चोवीस. मे महिन्याच्या रखरखत्या उन्हात, बाहेर रसवंत्या चालू असताना, एक बाई बर्फात पाय बुडवून बसलेली असे.

त्याच महिन्यात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. मान्यता नसलेल्या गाभ्यावर पडलेल्या प्रत्येक माणसाची जबाबदारी डॉ. शिकलगार यांची राहील. अल्फियाने उत्तरात एकच विचारलं: मान्यता असलेल्या गाभ्याने खाटेवर बसवलेल्या माणसांची जबाबदारी कुणाची? उत्तर आलं नाही. यावेळी आभारही मानले नव्हते.

जूनच्या सुरुवातीला गाभा बावीसपर्यंत पोचला. धनाजी ऐवळेंना जीपमधून आणलं. निरोपाविना नऊ आठवडे काढलेल्या त्यांच्या नसा सव्वीसवरून चोवीसवर घसरल्या होत्या. वाट बघायला लावल्याचं फळ. पण चोवीस आता आत होतं. ते दांड्यांमधून चार पावलं चालले, मग दांड्या सोडून आठ. मग म्हणाले, “बाथरूम कुटं हाय?” आणि एकटेच आत गेले. दार लावल्याचा आवाज आला, तेव्हा बाहेर बसलेल्या त्यांच्या सुनेने पदर तोंडाला लावला.

या सगळ्याची किंमत ऋतुजाताईंच्या पायांनी मोजली. जुलैत, पाय गार न करता, त्यांचा आकडा अठ्ठावीस आला. पुढच्या आठवड्यातही अठ्ठावीसच. पायाच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती आणि डॉक्टरांनी पुन्हा बर्फात पाय घालायला सक्त मनाई केली होती. अल्फियाने त्या दिवशी टब उचलून गच्चीवर नेऊन ठेवला आणि सांगितलं, की आता बस.

एक गोष्ट मात्र बाकी होती. गाभ्यात कुठेतरी मर्यादा लिहावीच लागणार होती. बावीसच्या खाली तो खरोखरच माणसाला पाडत होता. तिथे तो थांबला, की कोणती अक्षरं यावीत, यावर दोघींचं बराच वेळ बोलणं झालं. ‘असमर्थित’ हा शब्द ऋतुजाताईंना ऐकायचाही नव्हता. शेवटी त्यांनी सांगितलं आणि अल्फियाने लिहिलं: ‘हा गाभा अजून तुमच्यापर्यंत पोचलेला नाही.’

“दोष त्याचा आहे,” ऋतुजाताई म्हणाल्या. “माणसाचा नाही.”

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कराडहून वैष्णवी पिसाळ आल्या. वय एकोणचाळीस, शाळेत शिक्षिका, लहानपणापासून साखरेचा आजार. चार महिने चाकाच्या खुर्चीत होत्या. भाऊ खुर्ची ढकलत होता. मोजमाप झालं. वीस पूर्णांक आठ.

पडद्यावर ते वाक्य आलं. वैष्णवीताईंनी ते वाचलं, आणि पुन्हा एकदा, शिक्षिका वाचतात तसं, शब्दाशब्दावर थांबत वाचलं.

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे नाहीच ना?”

अल्फियाने ऋतुजाताईंकडे बघितलं. मग म्हणाली, “नाही.”

वैष्णवीताईंनी मान हलवली आणि मांडीवरची पर्स नीट केली. भावाने खुर्ची वळवायला घेतली.

“थांबा,” ऋतुजाताई म्हणाल्या. त्या उठल्या होत्या. “मॅडम, एकवीसच्या खाली जायला किती अंश उतरवावे लागतील?”

“ताई, बसा. डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना? आणखी एकदा केलं तर—”

“किती?”

अल्फियाचे ओठ नुसतेच हलले, कारण हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला होता. ऋतुजाताईंना ते दिसलं. त्या दाराबाहेर पडल्या आणि भिंतीला हात न लावता, गच्चीचा जिना चढू लागल्या.